नवी टाकी, पिवळं फडकं आणि न भुंकणारा कुत्रा

मोगरा नगरच्या तीन नंबरच्या गल्लीत त्या दिवशी बारा घरांतून बारा तांबे निघाले आणि रस्त्यात रांगेनं बसले. तांबे पुढे, माणसं मागे. समोर पाटावर जलनाथ महाराज. त्यांच्या मांडीवर हळदीत रंगवलेल्या फडक्याच्या पट्ट्या होत्या. महाराज एक पट्टी उचलत, तांब्यात बुडवत, वर काढून उन्हात धरत.

"पिवळी ती पिवळीच. घर निर्मळ."

ज्याचा तांब्या तो हुश्श करी, पट्टी कपाळाला लावी आणि लगेच शेजाऱ्याच्या तांब्याकडे डोळे वटारून बघे. अशी अकरा घरं निर्मळ निघाली. बारावा तांब्या गुरम्माचा. पट्टी आत गेली पिवळी आणि बाहेर आली लालभडक.

"यव्वा!" असं पहिल्यांदा कोण किंचाळलं असेल, तर ती गुरम्माच. तिलाही बाकीच्यांइतकीच भीती वाटली. फरक एवढाच, की बाकीचे चार पावलं मागे सरले आणि तिला तांब्यामुळे सरता आलं नाही.

आता एवढी परीक्षा कशासाठी, तर पाण्यासाठी. सोलापुरात घरोघरी दोन पंचांगं असतात. एक भिंतीवरचं आणि एक नळाचं. भिंतीवरच्या पंचांगात चांगला मुहूर्त निघाला, पण त्याच दिवशी नळाला पाणी असलं तर साखरपुडा पुढे जातो. हंडा सोडून पुढे कोण येणार? पाणी पाचव्या दिवशी यायचं. पण गेले तीन महिने गल्लीच्या शेपटाकडच्या पाच घरांत नळ नुसता श्वास घेत होता. फुस्स, फुस्स, आणि मग दोन चमचे पाणी.

तेव्हापासून गल्लीत सगळ्यांचा सगळ्यांवर संशय. कुणाची तुळस जास्त हिरवी, कुणाची मोटरसायकल जास्त चकचकीत, कुणाचा सदरा रोज धुतलेला दिसतो, याच्या नोंदी मनातल्या मनात चालल्या होत्या. घामाचा वास येणारा माणूस तेवढा प्रामाणिक मानला जाई.

बुद्धप्रिया शेपटाकडच्याच घरात राहायची, आई विठाबाईबरोबर. ती कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये सहाय्यक होती आणि दिवसभर परीक्षानळ्या धुवून घरी आल्यावर तिला स्वतःचं तोंड धुवायला पाणी नसायचं. रविवारच्या बैठकीत तिनं सरळ विषय काढला होता. "कुणीतरी नळाला मोटार लावून पाणी ओढतंय. घरोघरी जाऊन बघू या."

गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष त्रिंबकराव यांना हे अजिबात पटलं नाही. त्यांचं घर गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या पाइपलाइनला लागून. फाटकावर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी, आत निळं रंगवलेलं कुत्र्याचं घर. कुत्रा कुणी पाहिलेला नव्हता. चांगल्या जातीचा असल्यामुळे तो भुंकत नाही, नुसता गुरगुरतो, असं त्रिंबकराव सांगत.

"शेजाऱ्याच्या घरात पोलिसासारखं शिरायचं? ही आपली संस्कृती हाय का?" त्रिंबकराव म्हणाले होते. "माझ्या वळखीचे एक महाराज हायत. पाण्याचे स्पेशालिस्ट."

तर हे ते स्पेशालिस्ट.

"पाण्याला मन असतं," महाराज लाल पट्टी फडकवत म्हणाले. "आणि मनाला व्हॉल्व्ह असतो. जपानमध्ये हे सिद्ध झालंय. हिच्या टाकीत जलकर्षिणी करणी बसलीय. आख्ख्या गल्लीचं पाणी ती जमिनीखालून ओढून घेती."

"म्हणूनच की!" शेजारची कमलम्मा ओरडली. "आठ दिवस झालं, हिच्या भाकरी पिवळ्या निगतायत! मी पोरीला म्हणलंच, हितं कायतर हाय!"

गुरम्मा कडक भाकरी करून विकायची. नवरा गेल्यापासून हाच धंदा. दारातली सिमेंटची टाकी तिनं भाकरी थापून थापूनच बांधली होती, आणि जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी ती पुरी झाली होती. पाणी साठलं तरच पीठ मळता येणार.

"उपाय सांगा महाराज," त्रिंबकराव हात जोडून म्हणाले.

"चौथ्या दिवशी पाणी यायच्या आत टाकी फोडायची. आणि ही बाई वर्षभर गल्लीच्या हद्दीबाहेर."

गुरम्माचा भाऊ मंद्रूपला असतो, हे लगेच पाच जणांना आठवलं. मंद्रूपची बस कुठून सुटते, हेही दोघांनी सांगितलं. मदतीला गल्ली नेहमीच तत्पर होती.

निर्मळ घरांना पट्टी नळाला बांधायची आज्ञा झाली. बुद्धप्रियानं आपली पट्टी नळाला न बांधता पर्समध्ये टाकली.

तिचा संशय सरळ होता. महाराजानं हातचलाखी केली. तांब्यात काहीतरी टाकलं असणार. गर्दी पांगल्यावर ती गुरम्माकडे गेली. गुरम्मा उंबऱ्यात बसून स्वतःचे हात बघत होती. बोटांना भेगा पडल्या होत्या.

"अव्वा, तुमच्या टाकीतलं पाणी मी स्वतः काढून घेते."

"घे बाई. पण शिवू नगंस." गुरम्मा खाली बघूनच बोलली. "माज्यात काय शिरलंय ते माजं मलाच कळंना. हात बग कसे झालेत."

बुद्धप्रियानं आपल्या भांड्यानं पाणी काढलं, आपली पट्टी बुडवली. पट्टी लाल झाली.

क्षणभर तिच्या एम. एस्सी.ला घाम फुटला. मग लॅबमधली रोजची गोष्ट आठवली. हळद म्हणजे गरिबाचा लिटमस. साबणाचा हात हळदीच्या डागाला लागला की डाग लाल होतो, हे कुठल्याही धुणं धुणाऱ्या बाईला माहीत असतं. म्हणजे पाणी साबणासारखं क्षारधर्मी होतं. पण क्षार आला कुठून? कुणी टाकीत सोडा टाकला? त्रिंबकरावांनी? कमलम्मानं? त्या संध्याकाळी तिनं आपल्या आईकडेसुद्धा जरा तिरकं बघितलं. संशय साथीच्या रोगासारखा असतो, शिकलेल्यांनाही लागतो.

"तू नको पडूस ह्यात," विठाबाई म्हणाली. "उद्या आपली पट्टी लाल म्हणतील. आपल्याला आदीच बोलायला लोकांना निमित्त लागत न्हाय."

"म्हणूनच पडायला पाहिजे आई."

टाकी फोडायला दोन दिवस उरले असताना तिला उत्तर सापडलं, तेही शेजारच्या गल्लीत, एका अर्धवट भिंतीच्या सावलीत. मल्लेश गवंडी तिथं तंबाखू मळत बसला होता. गुरम्माची टाकी त्यानंच बांधली होती.

"मल्लेशअण्णा, नव्या टाकीचं पाणी कसं असतं ओ?"

"चुनकट," मल्लेश म्हणाला. "सिमिटातला चुना सुटतो की. वर पांढरी साय धरती. म्हणून तर मी मावशीला सांगिटलं, टाकी भरा, दोन-तीन दिवस ठिवा, फेका. परत भरा, परत फेका. चार-पाच डाव."

"मग?"

"मग काय! मलाच मारायला उठली. पाच दिवसानं येणारं पानी फेकू? तुजं डोस्कं फिरलं का म्हणाली." त्यानं तंबाखूवर थाप मारली. "तिचं तरी काय चुकलं? सोलापुरात टाकीभर पानी फेकणारा मानूस अजून जल्माला यायचाय. त्या महाराजालाबी मी हेच सांगिटलं होतं."

"कुठल्या महाराजाला?"

"तुमच्याच की. तांब्याच्या आदल्या दिशी त्रिंबकरावासंगं टाक्यांचं दर्शन घेत हिंडत होता. ही नवी हाय का, कवा बांधली, पानी फेकलं का न्हाय, लई बारीक चवकशी. मला वाटलं, मठाचं काम देतोय."

बुद्धप्रिया मल्लेशच्या हातातल्या चुन्याच्या डबीकडे बघत राहिली. मल्लेशनं ओशाळून डबी पुढे केली.

"तुमी पण खाता का?"

चौथ्या दिवशी सकाळी नऊला गुरम्माच्या दारात गल्ली जमली. तिघांच्या हातात पहार होती. महाराज ताटात हळद, कुंकू आणि लिंबं घेऊन आले होते. गुरम्मानं पिशवी भरून ठेवली होती. टाकीला ती हात लावून उभी होती, म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा.

"हाणा पहार!" त्रिंबकराव म्हणाले.

"हाणा," बुद्धप्रिया म्हणाली. "फक्त फेरतपासणी करू. कोर्टसुद्धा एकदा अपील देतं."

तिनं स्टुलावर पेले मांडले. प्रत्येकात पाणी विठाबाईच्या हंड्यातलं, म्हणजे निर्मळ घराचं. गल्लीतल्या नळांवरून सोडून आणलेल्या महाराजांच्याच पट्ट्या शेजारी ठेवल्या.

"तंबाखू कोण कोण खातं? पुढे या. लाजू नका, बायकोला माहीत आहे."

सहा जण पुढे आले. सातवे त्रिंबकराव, कारण सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"नेहमीसारखा चुना लावून मळा आणि अंगठा पेल्यात बुडवा."

गल्लीला काही कळेना, पण तंबाखू मळायला कुणाची ना नव्हती. सात अंगठे सात पेल्यांत बुडले. बुद्धप्रियानं सात पट्ट्या टाकल्या.

लाल. लाल. लाल. सातही लाल.

"महाराजांच्या हिशेबानं सातही जण पाणीचोर," ती शांतपणे म्हणाली. "अध्यक्ष धरून. आता ह्यांना कुठल्या बसनं पाठवायचं?"

कमलम्मानं आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. तो अंगठा लुगड्याला पुसायच्या बेतात होता. लुगडं तिचंच होतं.

"ही अंगठ्यातली करणी!" महाराज गरजले. "शक्ती पसरलीय! व्हायब्रेशन!"

"मग उतरवू या." तिनं महाराजांच्या ताटातलं लिंबू उचललं, कापलं आणि पेल्यांत पिळलं. पट्ट्या पिवळ्या झाल्या. "झाली करणी उतरून. चुन्यानं हळद लाल होते, लिंबानं परत पिवळी. ताटातलं हे कुंकू कशाचं असतं? हळद आणि चुना. ही करणी आपल्या आयाबहिणी रोज कपाळाला लावतात."

मग बुद्धप्रियानं बोलावून आणलेल्या मल्लेशनं सिमेंटचं सगळं सांगितलं. भाकरी पिवळी का, तर चुनकट पाण्यात पीठ मळलं म्हणून. हाताला भेगा का, तर तेच पाणी. आणि महाराजांनी आदल्या दिवशी काय विचारलं, तेही सांगितलं. महाराज म्हणाले, "मी ह्या मानवाला ओळखत नाही." मल्लेश म्हणाला, "माजी तंबाखू खाल्ली की राव!" ह्यावर गल्लीचा विश्वास बसला, कारण फुकटच्या तंबाखूबद्दल कुणी खोटं बोलत नाही.

"बाईवर करणीचा आळ घेऊन तिला गावाबाहेर काढणं हा गुन्हा आहे," बुद्धप्रिया म्हणाली. "कायदा आहे त्याला."

पहार घेतलेल्यांनी पहारी हळूच भिंतीला टेकवल्या, जणू त्या कुणीतरी दुसऱ्यानंच आणल्या होत्या.

"बरं, पण मग पाणी जातं कुटं?" कमलम्मा म्हणाली. प्रश्न रास्त होता.

तेवढ्यात पाणी सुटलं. शेपटाकडचा नळ बोलला: फुस्स.

"गप्प राहा सगळे," बुद्धप्रिया म्हणाली. "नुसतं ऐका."

तीन महिन्यांत पहिल्यांदा मोगरा नगरची तीन नंबरची गल्ली गप्प झाली. आणि त्या शांततेत गल्लीच्या तोंडाकडून आवाज आला. गुर्रर्र. एकसारखा, न दमता.

"आमचा कुत्रा," त्रिंबकराव घाईनं म्हणाले. "अनोळखी मानसं बघून..."

"लई गुणाचा हाय तो," गुरम्मा मध्येच म्हणाली. "पाणी यायच्या दिशीच गुरगुरतो. मी दर डाव तुटक्या भाकरी टाकते त्याला, फाटकावरनं. बिचारा उपाशी असंल."

सगळी गल्ली गुरम्माकडे बघायला लागली, मग एकमेकांकडे, मग त्रिंबकरावांकडे. त्रिंबकराव 'सावध, सावध' म्हणत असतानाच कमलम्मानं फाटक उघडलं.

कुत्र्याच्या घरात साखळी नव्हती, वाडगं नव्हतं. जाड पाइपावर बसवलेली एक पाण्याची मोटार होती, आणि तिच्याभोवती तीन महिन्यांच्या कडक भाकरी. तळाच्या पांढऱ्या, वरच्या पिवळ्या. मोटारीनं एकही खाल्ली नव्हती.

मल्लेशनं बटण बंद केलं. गुरगुर थांबली. मागे, गल्लीच्या शेवटी, विठाबाईच्या नळाखालचा हंडा वाजायला लागला. धो धो. विठाबाई धावली. तिच्यामागे चार घरं धावली.

महाराज तेवढ्यात गेले होते. रिक्षावाला नंतर म्हणाला, स्टेशनपर्यंत त्यांनी तीनदा विचारलं, कुर्डुवाडीची गाडी कितीला. त्रिंबकरावांनी अध्यक्षपद सोडलं, प्रकृतीच्या कारणास्तव. 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटी मात्र गल्लीनं उतरवू दिली नाही.

सगळ्यात अवघड काम शेवटी उरलं. टाकी रिकामी करायची. कमलम्मानं पहिली बादली उचलली. तिला माफी मागता येईना, म्हणून ती दहा बादल्या उपसत राहिली. पाणी गटारीत जाताना अर्ध्या गल्लीचे डोळे भरून आले. बाई हाकलताना कुणाचे आले नव्हते.

तेवढं मात्र लक्षात ठेवायला हवं. लाल पट्टी बघून शहाणी माणसं भ्याली, यात नवल नाही. डोळ्यांना दिसलं ते खरंच लाल होतं. चूक एवढीच झाली, की 'कशानं?' हे विचारायच्या आधी गल्लीनं 'कोण?' विचारलं. 'कोण?' विचारलं की बोट नेहमी एकट्यादुकट्याकडे जातं. 'कशानं?' विचारलं असतं, तर कुत्र्याच्या घरापाशी तीन महिने आधीच पोचता आलं असतं.

चौथ्यांदा टाकी भरल्यावर गुरम्मानं स्वतःच पिवळी पट्टी आत बुडवली. पिवळीच निघाली.

"आता?" विठाबाईनं विचारलं.

"आता पीठ मळते," गुरम्मा म्हणाली. "आणि परत कुणी चमत्कार घेऊन आला, तर त्याला म्हणावं, बस जरा. आदी आमी गवंड्याला इचारून येतो."