मधली फळी

आत्यानं साठी ओलांडल्यावर ड्रम विकत घेतले, तेव्हा घरातल्यांनी हसून घेतलं. भिंतीपलीकडचे मास्तर मात्र हसले नाहीत. शेवटी घरमालकानं निकाल दिला: "संध्याकाळी तुम्ही वाजवा, मी मास्तरांकडे बसतो. आवाज न चढवता आमचं बोलणं झालं तर ड्रम राहतील, नाहीतर उद्या घराबाहेर."

आत्याचा थोरला भाऊ सुतार. त्यानं विटांच्या भिंतीपासून चार इंच सोडून प्लायची नवी भिंत उभी केली होती. वर बहिणीची माया, म्हणून त्या पोकळीत कुणी न सांगता, आपल्याच मनानं आणखी एक फळी बसवली. हवेचा एक थर आवाज अडवतो, तर दोन थर दुप्पट अडवणार, असं त्याचं साधं गणित.

दुपारी भाचीला ड्रमवर बसवून आत्या मास्तरांकडे ऐकून आली. झांजांचा किणकिणाट गेला होता. मोठ्या ड्रमचा ढब मात्र पूर्वीपेक्षा जोरात छातीत बसत होता.

"दादा, मधली फळी काढ."

"तीस वर्षं रंधा मारतोय मी. तू सहा महिने काठ्या बडवतेस आणि मला शिकवतेस?"

"शिकवते. इकडे ये." तिनं त्याचा तळहात छोट्या ड्रमच्या खालच्या पडद्याला लावला आणि वरच्यावर काठी हाणली. दादा दचकलाच. "मध्ये काय आहे? हवाच ना? ड्रम जेवढा उथळ, तेवढा खालचा पडदा जास्त उडतो. तू माझ्या भिंतीत दोन उथळ ड्रम करून ठेवलेस!"

"फळी काढली की भिंत हलकी पडेल."

"नाही पडणार. तीच फळी बाहेरच्या प्लायला मागून चिकटव. लाकूड तेवढंच, हवेला मात्र हातपाय पसरायला जागा."

"आणि चुकलं तर?"

"तर माझे ड्रम जातील. तुझा रंधा नाही जात."

तो हलेना. मग आत्याच स्क्रूड्रायव्हर घेऊन स्टुलावर चढली. तिसरा स्क्रू निघाला, तसा दादा पुटपुटत आला. "उतर खाली, कंबर मोडून घेशील."

संध्याकाळपर्यंत फळी प्लायच्या मागे चिकटली. मग आत्यानं एकही ठोका हळू मारला नाही. भाची डोळ्यांनी खुणावत होती, जरा बेतानं. तिनं तिकडे पाहिलंच नाही. अर्ध्या तासानं घरमालक दारात.

"ऐकू येतंय."

"मास्तरांशी बोलणं झालं?"

"झालं."

"ओरडून?"

"छे, ओरडायचं कशाला..." तो अडखळला. "पण बारीकसं येतंच की!"

"येणारच. बाई जिवंत आहे, एवढं तरी कळू दे शेजाऱ्यांना."

तो पुढचं काही बोलायच्या आत तिनं मोठ्या ड्रमच्या पेडलवर पाय दाबला.