भिंतीवरचा ओलीस

अकरा वर्षं मी दुसऱ्याचा मुलगा होतो, आणि खोटं कशाला बोलू, त्यातली दहा मजेत गेली.

चू नदीच्या आमच्या खोऱ्यात तेव्हा कोकंदच्या खानाचं राज्य होतं. राज्य कसलं, मातीच्या भिंतींचा एक किल्ला! नाव सारी-कुरगान. आत दोनशे शिपाई, एक म्हातारी तोफ आणि किल्लेदार खोजाकुल बेग. बाहेर सगळे आम्ही किरगिझ. मेंढीवर कर, तंबूवर कर, लग्नावरसुद्धा कर. आम्ही उलटू नये म्हणून बेगानं आमच्या टोळीचा म्होरक्या बेक्तेन याचा मुलगा ओलीस मागितला. टोळी उठली की मुलाचं मुंडकं उडणार, असा साधा सौदा.

बेक्तेनला मुलगा एकच, कुबात. त्यानं काय करावं? कुबातचा कोट माझ्या अंगात चढवला आणि मला पाठवून दिलं. मी मांबेत, त्याच्या घोड्यांची धार काढणाऱ्या बाईचा नऊ वर्षांचा पोर. टोळीत पोराटोरांनासुद्धा ठाऊक होतं, पण तोंड कोणी उघडलं नाही.

निघताना बेक्तेन माझ्या आपाला, म्हणजे आईला, म्हणाला, "नीट ऐक. हा माझा मुलगा आहे तोवर जिवंत. ज्या दिवशी तू याला आपला म्हणशील, त्या दिवशी फुकटखाऊ म्हणून कापतील."

आपानं माझा पट्टा आवळला आणि म्हणाली, "जा, कुबात." आईच ती, पण मला तिचा राग आला तो आलाच.

किल्ल्यात मात्र माझी चंगळ झाली. बेग मला स्वतःच्या ताटात पुलाव खाऊ घालायचा, अक्षरं शिकवायचा. त्याचा मुलगा तापानं गेला होता. मी विसाव्या वर्षापर्यंत इतका कुबात झालो, की मांबेत अशी हाक आली असती तर मान वळली असती की नाही, देव जाणे.

मग शरदात उरूस आले, म्हणजे रशियन. झारचे शिपाई, झारच्या तोफा. का आले, कोणाला धड सांगता येईना. कोणी म्हणे खानाशी भांडण, कोणी म्हणे ते पुढे चीनकडे निघालेत, वाटेत आम्ही आडवे आलो. पहिल्या दिवशी पश्चिमेला धूळ उठली. "ताश्कंदची कुमक!" म्हणून सगळे नाचले, तर त्या मेंढ्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी धूळ उठली तेव्हा सगळे म्हणाले मेंढ्या, आणि उरूसांच्या आणखी चार तोफा आल्या. त्यांचे गोळे आमच्या मातीच्या भिंतीत घुसायचे आणि तिथेच रुतून बसायचे. अशुर आका, आमचा तोफवाला, एकेक भोक बुजवत म्हणायचा, "टाका रे टाका, भिंत जाड होतेय!"

मला काही उमजत नव्हतं. कोणी जिंकावं असं मला वाटायला हवं होतं? किल्ला राहिला तर मी ओलीस. किल्ला पडला तर बेगाचं काय?

तिसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवर आमची टोळी दिसली. घोडे, बैल, बाया, माणसं, आणि सगळ्यांच्या पाठीवर लव्हाळ्याच्या मोळ्या.

"सरपण आणलं!" अशुर आका ओरडला. तीन दिवस किल्ल्यात चूल धड पेटली नव्हती. त्यानं मला मिठीच मारली. "कुबात, तुझ्या बापानं नाव राखलं रे! दरवाज्याचा अडसर काढू का, बेगसाहेब?"

"थांब जरा," बेग म्हणाला.

टोळी हसत हसत खंदकापाशी आली आणि एकामागून एक मोळ्या खंदकात टाकू लागली. उरूसांना चालत यायला वाट! आमचे शिपाई आ वासून बघतच राहिले. एकानं तर अजून विचारलं, "पण सरपण ओलं का करताहेत?"

बेगानं माझं मनगट धरलं आणि मला भिंतीवर नेलं. तलवारीची धार मानेला लागली, थंडगार.

"बेक्तेन! माघारी फीर, नाहीतर पोरगं गेलं म्हणून समज!"

उरूसांच्या तोफा थांबल्या. त्यांनाही कळेना काय चाललंय. बेक्तेननं कपाळ बडवून घेतलं. "हाय रे माझ्या पोटच्या गोळ्या!" असा टाहो फोडला, आणि डाव्या हातानं माणसांना खुणावलं, टाका मोळ्या. शेजारी करड्या घोड्यावर खरा कुबात बसला होता, चांगला गुबगुबीत.

माझं डोकंच फिरलं. "मी त्याचा नाही!" मी ओरडलो. "तो बघा कुबात, करड्यावर! मी मांबेत. धारवालीचा!"

बेगानं माझ्याकडे पाहिलं. "जीव वाचवायला बापाचं नाव टाकतोस?"

"बेगसाहेब, शपथ घेतो."

"कोणाची? कुबातची की मांबेतची?"

बेग खाली ओरडला, "धारवाली कोण आहे? हा तुझा मुलगा आहे का?"

मोळ्या तशाच पडल्या. बायांमधून एक म्हातारी बाहेर पडली आणि धावत सुटली, सरळ भिंतीकडे. आमच्या दोन शिपायांनी गोळ्या झाडल्या, एक तिच्या पायाशी धुळीत घुसली. ती थांबली नाही. खंदकातल्या लव्हाळ्यात गुडघ्यापर्यंत रुतून उभी राहिली आणि वर तोंड करून किंचाळली, "नाही! माझा नाही! तो बेक्तेनचाच आहे! म्होरक्याचा मुलगा आहे तो!"

माझी आपा. अकरा वर्षांपूर्वी पढवलेलं तिनं अजून घट्ट धरून ठेवलं होतं. मी मेलो, असं मला वाटलं. आणि त्या क्षणी मरणापेक्षा तिच्या त्या 'नाही'चंच दुःख जास्त झालं, हे कबूल करतो.

पण मानेवरची धार निघाली. बेग खाली बघत होता.

"दुसऱ्याच्या पोरासाठी," तो हळूच म्हणाला, "कोणी गोळ्यांत धावत येत नाही." आणि त्यानं तलवार म्यान केली.

झालं! खाली दरवाज्यावर अशुर आकानं बेगाची तलवार म्यानात जाताना पाहिली. त्याला वाटलं, शरणागती. त्यानं अडसर काढला. शिपायांना वाटलं तह झाला, त्यांनी बंदुका खाली ठेवल्या. उरूस दरवाजा उघडा बघून आधी बिचकले, सापळा समजून थांबले, मग आत आले. शेवटचा गोळासुद्धा कोणी डागला नाही. बेग भिंतीवर ओरडत राहिला, "बंद करा! कोणी सांगितलं?" त्याचं ऐकायला कोणी उरलं नव्हतं.

दुपारी उरूसांनी माणसं निवडली. कोकंदी एका दोरीत, किरगिझ मोकळे. मी आपासमोर जाऊन उभा राहिलो. तिचे केस पांढरे झाले होते, हात तसेच भेगाळलेले. ती माझ्याकडे बघेना.

"आपा."

"मी कोणाची आपा नाही, धनी," ती म्हणाली. "तुमचे वडील तिकडे आहेत." नजर माझ्या खांद्यावरून दोरीतल्या बेगावर होती.

बेगानं ते ऐकलं. दोरी ओढणाऱ्या शिपायाला त्यानं जरा थांबवलं आणि बांधलेले दोन्ही हात वर करून तिला दाखवले. "बाई, आता बोल. आता माझ्या हातात काही राहिलं नाही."

तिनं ते हात नीट पाहिले. गाठसुद्धा पाहिली. दोरी निघाली, बेग दरवाज्याबाहेर गेला, वळणावर दिसेनासा झाला, तोवर ती हलली नाही.

मग माझ्याकडे वळून तिनं सगळ्या अंगाचा जोर लावून माझ्या थोबाडीत मारली.

"तुला भिंतीवर तोंड उघडायला कोणी सांगितलं होतं रे, मांबेत?"