कोचच्या अंगणातली पाटी

मित्रांनो, रंग उडालेली, कोपऱ्याला गंज चढलेली, 'घर विकणे आहे' असं सांगणारी पत्र्याची पाटी तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असेल. मी तशीच एक. फरक एवढाच, की मी उभी राहिले ती एकाच घराच्या अंगणात आणि त्या घराचं काय व्हायचं हे शनिवारच्या सामन्यावर ठरायचं.

माझा जन्म अमेरिकेत, अलाबामातल्या डनॅगन गावी, एका रंगाऱ्याच्या शेडमध्ये झाला. अंग पत्र्याचं, पाय ओकच्या लाकडाचा. पाय एकच, पण टोकदार. व्हर्लीन स्टबलफील्ड नावाच्या बाई गावातली घरं विकून देतात, त्यांनी मला करून घेतलं.

"अक्षरं मोठी काढ रे बाबा," त्या रंगाऱ्याला म्हणाल्या. "गाडीतून जाणाऱ्याला वेग कमी न करता वाचता आलं पाहिजे."

"कुठल्या घरासाठी, व्हर्लीनबाई?"

"सिकॅमोर रस्त्यावरचं. कोचचं."

"मग रंगाचा आणखी एक हात देतो," रंगारी म्हणाला. "हिला काम भरपूर पडणार."

डनॅगनमध्ये एक कॉलेज आहे. तिथे शिकवतातही, असं मी ऐकून होते. पण गावाची ओळख फुटबॉलची. हा फुटबॉल हातात धरून पळतात. त्याला फुटबॉल का म्हणतात ते मला विचारू नका. गावात महापौर असतो, पाद्री असतो, न्यायाधीश असतो, आणि या सगळ्यांपेक्षा उंचावर कोच असतो. नेम धरायला सोपं जावं म्हणून.

नवा कोच आणणं म्हणजे स्थळ पाहणंच. फक्त इथे मुलगा दुसरीकडे नांदत असतानाच बोलणी सुरू होतात. मध्यस्थ नेहमी टॅकेटसाहेब. त्यांचं ट्रक विकण्याचं मोठं दुकान आहे, स्वतःचं छोटं विमान आहे आणि कॉलेजला ते सढळ हाताने देणग्या देतात. कोच ते ठरवतात. कॉलेजच्या अध्यक्षांना मागाहून फोन करतात. मग एके दिवशी विमानातून नवा कोच उतरतो, कॉलेजची टोपी डोक्यावर चढवतो आणि म्हणतो, "माझ्या बायकोला हे गाव फार आवडलं." बायकोने तोवर गाव पाहिलेलं नसतं. लोक डोळे पुसतात. व्हर्लीनबाई त्याला सिकॅमोर रस्त्यावरचं घर विकतात आणि मला त्यांच्या ऑफिसमागच्या खोलीत ठेवून देतात. फार आत नाही, दाराजवळच.

कारण कोच जिंकला की मोठं विद्यापीठ त्याला घेऊन जायचं आणि हरला की गाव त्याला घालवायचं. मधल्या मध्ये राहण्याची सोय नव्हती. दोन्हीकडे शेवट माझ्यावरच यायचा.

शिवाय गावात एक रीत होती. शनिवारी संघ हरला की रविवारी सकाळी, चर्चला जाण्याआधी, हॉइट लॅसिटर मला उचलायचा आणि कोचच्या अंगणात नेऊन ठोकायचा. हॉइटचं हार्डवेअरचं दुकान व्हर्लीनबाईंच्या भिंतीला भिंत लावून आहे. तिथे खिळ्यापासून नांगरापर्यंत सगळं मिळतं आणि कालच्या सामन्यात कोचने काय करायला हवं होतं ते वर फुकट. हॉइट मला ठोकत असताना गावचा पोलीस गाडी थांबवून म्हणायचा, "जरा डावीकडे घे, खांबाआड जातेय." मग सगळे चर्चमध्ये जाऊन कोचच्या मागच्या बाकावर बसायचे आणि मनापासून गायचे. दुपारी लोक मुलाबाळांसह येऊन माझ्याबरोबर फोटो काढायचे. व्हर्लीनबाई तक्रार करत नसत. पाटीवर त्यांचा फोन नंबर होता. माझे ते मानाचे दिवस.

आणि मग एमेट रॉलिन्स आले.

ते काही गावाची पहिली पसंती नव्हते. टॅकेटसाहेबांचं विमान ज्यांना ज्यांना आणायला गेलं ते नाही म्हणाले होते. रॉलिन्स आपल्याच गाडीने आले, मागे सामानाची ट्रॉली ओढत. केस पिकलेले, आवाज हळू. त्यांची बायको नोरीनबाई गाडीतून उतरल्या, त्यांनी घर बघितलं आणि व्हर्लीनबाईंना म्हणाल्या, "मी आजवर इतक्या गावांत पडदे शिवलेत की आता खिडकी बघितली की पाठ दुखते. हे शेवटचं घर."

"सगळ्याच असं म्हणतात हो," व्हर्लीनबाई म्हणाल्या.

"मला माहीत आहे. मीसुद्धा दर वेळी म्हटलंय. पण या वेळी हेही म्हणालेत."

पहिल्याच थंडीत रॉलिन्सनी अंगणात पिकॅनचं, म्हणजे अक्रोडासारखं फळ देणाऱ्या झाडाचं, रोप लावलं. हॉइट कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"कोच, पिकॅन फळायला दहा वर्षं लागतात, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"आणि तुमचा करार किती वर्षांचा?"

"त्याहून कमी."

"मग?"

"मग झाडाला सांगू नकोस," रॉलिन्स म्हणाले आणि माती दाबायला लागले.

पहिल्या वर्षी संघ सपाटून हरला. मी रविवारमागून रविवार अंगणात हजर. पहिल्या रविवारी कोच चर्चचे कपडे घालून बाहेर आले. हॉइटने मला घाईत ठोकलं होतं, त्यामुळे मी कलले होते. कोचनी मला सरळ केलं, बुटाने माती चेपली आणि चर्चला गेले. पुढच्या रविवारी नोरीनबाईंनी झाडाला पाणी घालायची झारी माझ्या खांद्यावर अडकवली. त्याच्या पुढच्या रविवारी माझ्यावर पायपुसणं वाळत होतं. हॉइटचा चेहरा बघण्यासारखा झाला. आपण टोमणा मारावा आणि समोरच्याने त्यावर पायपुसणं वाळत घालावं, हे कुणाला आवडेल?

"बाई माणूस चिवट आहे," तो पोलिसाला म्हणाला. ही डनॅगनमधली स्तुती समजावी.

मग हळूहळू संघ जिंकायला लागला. मी मागच्या खोलीत पडून राहिले. कोळ्याने माझ्या 'विकणे'वर जाळं विणलं. पाट्यांना दुर्लक्ष सहन होत नाही असं म्हणतात. मला ते झालं. कधी दार उघडं राहिलं की लांबवर सिकॅमोर रस्ता दिसायचा आणि कोचच्या छपरापर्यंत पोचलेला पिकॅनचा शेंडा. वाटायचं, आपण इथेच गंजून जावं.

पण एका नोव्हेंबरात, मोसमाचा शेवटचा सामना तोंडावर आला असताना, गावाबाहेरच्या धावपट्टीवर एक पांढरं विमान उतरलं.

आता तुमच्याकडे लोक ढग बघून पाऊस सांगतात. डनॅगनमध्ये विमान बघून कोच सांगतात. शेपटीवरचा नंबर फोनमध्ये टाकला की मालक कळतो, आणि मालक कळला की कुणाचा कोच कुठे निघालाय ते कळतं. हॉइटच्या दुकानात शेगडीभोवती बसणारी मंडळी याच कामावर असतात. मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं.

"कुणाचं आहे रे?"

"त्या मोठ्या विद्यापीठाला स्टेडियम बांधून दिलं ना, त्या शेठचं."

"आणि त्यांनी त्यांचा कोच कालच काढलाय."

"मग आणखी काय पाहिजे तुला? आमंत्रणपत्रिका?"

गुरुवारी कोचचा रेडिओवर कार्यक्रम असायचा. मासे तळून देणाऱ्या एका हॉटेलात बसून ते लोकांच्या फोनना उत्तरं द्यायचे. व्हर्लीनबाईंनी रेडिओ लावला. पहिला फोन हॉइटचा. मला तो दोनदा ऐकू आला, आधी भिंतीतून, मग रेडिओतून.

"कोच, हॉइट बोलतोय."

"माहीत आहे, हॉइट. तू दर गुरुवारी बोलतोस."

"एकच विचारतो. तुम्ही चाललात का?"

"मी कुठेही जात नाही."

भिंतीपलीकडे कुणीतरी कप खाली ठेवला. कारण मित्रांनो, या आधीचा प्रत्येक कोच जाण्यापूर्वी रेडिओवर नेमकं हेच वाक्य बोलला होता. एक तर बाहेर गाडी सुरू ठेवून बोलला होता. कोच गप्प राहिला तर गावाला आशा असायची. कोच 'जात नाही' म्हणाला की बायका सामान भरायला रिकामे खोके शोधून देत.

"झालं. गेला," भिंत म्हणाली.

"हॉइट, ऐकतोयस का?" रेडिओ म्हणाला. "अरे, मी पिकॅन लावलंय."

"मागच्याने पोहायचा तलाव बांधला होता, कोच," हॉइट म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

शनिवारी संघ जिंकला. आणि रविवारी सकाळी हॉइट मला न्यायला आला. जिंकल्यावर मी अंगणात जाण्याची ही पहिलीच वेळ. पोलिसाने गाडी थांबवली नाही. कुणी फोटो काढायला आलं नाही. कोच दार उघडून पायरीवर आले.

"काल तर आपण जिंकलो," ते म्हणाले.

"म्हणूनच," आतून नोरीनबाई म्हणाल्या.

टॅकेटसाहेबांना मात्र अपमान सोसत नाही. रॉलिन्सनी आपल्याला सोडण्याआधी आपण त्यांना सोडावं, असं त्यांनी ठरवलं. त्यांचं विमान टेक्ससला जाऊन आलं. नवा कोच उतरला, टोपी घातली, बायकोला गाव आवडलं.

रॉलिन्स त्या दिवशी मिसिसिपीत होते. पुढच्या वर्षीसाठी खेळाडू मिळवायचे तर त्यांच्या आयांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसावं लागतं आणि वाढलेलं सगळं खावं लागतं. नोरीनबाईंनी हे व्हर्लीनबाईंना नंतर अंगणात उभ्या उभ्या सांगितलं, म्हणून मला कळलं. "रताळ्याचा केक वाढला होता त्या बाईने. कोपऱ्यात टीव्ही. खालून डनॅगनच्या नव्या कोचच्या बातमीची पट्टी सरकत गेली. बाईनेच आधी वाचली. टीव्ही बंद केला आणि यांच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला."

"मग कोच काय म्हणाले?"

"तुकडा संपवला. म्हणाले, मुलाला तरी पाठवा. कॉलेज चांगलं आहे."

व्हर्लीनबाईंनी चष्मा काढून पुसला. घरं विकणाऱ्या बाईने असं करू नये.

आणि मग, नव्या कोचच्या करारावरच्या सह्या वाळल्यावर, डाल्टन आला. डाल्टन म्हणजे हॉइटच्या बायकोचा भाऊ. धावपट्टीपलीकडे त्याची शिकारी कुत्री पाळायची जागा आहे. तो व्हर्लीनबाईंकडे आणखी जमीन मागायला आला होता.

"धंदा बरा दिसतोय," बाई म्हणाल्या.

"बरा? अहो, मागच्या महिन्यात एकजण कुत्रा न्यायला विमान घेऊन आला. लावा पक्ष्यांच्या शिकारीसाठी पाहिजे होता."

"कसलं विमान?"

"पांढरं. शेठ आहे कुणीतरी. कुत्र्याला पुढच्या सीटवर बसवून नेलं."

भिंतीपलीकडच्या खुर्च्या भिंतीजवळ सरकल्या.

"अरे माणसा, मग सांगितलं का नाहीस कुणाला?" व्हर्लीनबाईंनी विचारलं.

"कुणी विचारलंच नाही," डाल्टन म्हणाला. "आणि हॉइट माझ्याशी बोलत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. मी त्याच्या मुलीच्या लग्नाला दुसऱ्या कॉलेजची टोपी घालून गेलो तेव्हापासून."

दुसऱ्या दिवशी व्हर्लीनबाई मला घेऊन सिकॅमोर रस्त्यावर गेल्या. या वेळी खऱ्या कामासाठी. जमीन थंडीने दगड झाली होती. कोचनी माझा पाय धरला. तेवढ्यात हॉइट आला. टोपी हातात. त्याने वाक्य तीनदा सुरू केलं आणि तीनदा सोडून दिलं. शेवटी म्हणाला, "कोच, ते कुत्र्यासाठी आलं होतं."

"ऐकलं मी."

"तुम्ही सांगितलं होतंत."

"सांगितलं होतं."

कोचनी त्याच्यापुढे हातोडा धरला. "घे, तूच ठोक. तुझा हात बसलेला आहे." मग माझा पाय उचलून थोडा बाजूला सरकवला. "फक्त झाडापासून जरा लांब. मुळं आहेत."

हॉइटचे पहिले दोन घाव चुकले. माझ्या डोक्यावरचा खळगा त्याचाच आहे.

टेक्ससहून आलेला नवा कोच एक मोसम राहिला. मग रेडिओवर म्हणाला की तो कुठेही जात नाही, आणि त्याच मोठ्या विद्यापीठात गेला. त्याला न्यायला तेच पांढरं विमान आलं होतं. हॉइटने नंबर टाकून पाहिला नाही. त्यानंतरचे कोच घर विकत घेतच नाहीत, भाड्याने राहतात. सिकॅमोर रस्त्यावरचं घर अखेर भूगोलाच्या एका प्राध्यापकांनी घेतलं. कॉलेजात शिकवतात, याचा मला मिळालेला पहिला पुरावा.

एका वादळात पिकॅन कललं. तेव्हा हॉइट आपणहून आला, मला मागच्या खोलीतून काढलं, झाडाला टेकू म्हणून रोवलं आणि दोरीने बांधून टाकलं. अक्षरं खोडाकडे केली. आता दोरी सालीत रुतली आहे आणि मला कुणी हलवू म्हटलं तरी हलवता येणार नाही. झाडाला फळ धरतं. हॉइट दर हिवाळ्यात खाली बसून पिकॅन गोळा करतो आणि पिशवी शेजारच्या जॉर्जियाला पाठवतो. रॉलिन्स तिथे एका शाळेच्या मुलांना फुटबॉल शिकवतात. नोरीनबाईंनी पुन्हा पडदे शिवले असतील.

मित्रांनो, जुन्या पाट्यांना ऊन-पाऊस लागू देऊ नका, अधूनमधून रंग द्या, हे सांगायचं माझं वय झालं आहे. पण माझं रंगाविना भागतं आहे. एवढंच करा. कुणी 'मी जात नाही' म्हणालं, तर आभाळात विमान शोधण्याआधी त्याच्या अंगणात जा, आणि त्याने तिथे काय लावलं आहे ते बघून या.