नकाशातली पांदण

"अरे बाप्पा, थांब! खाली नको उतरू! गाळ हाय तिथं!"

हातातलं खुरपं उंच धरून तानुबाई वांग्याच्या सऱ्यांमधून धावली. पण गाडीच्या काचा वर होत्या, आत गाणं लागलेलं होतं आणि ड्रायव्हरची नजर समोर अडकवलेल्या मोबाईलवर होती. पार्सलांची ती पांढरी गाडी पांदणीच्या उतारावरून ऐटीत खाली आली, नाल्याकाठच्या खोलगट जागी पोचली आणि पंगतीला बसावी तशी बसली.

"बसला," तानुबाई म्हणाली आणि बांधाकडे वळून ओरडली, "अहो, ऐकलं का? जोडी आना. एक आला."

गोविंदरावांनी कोण, कुठला असलं काही विचारलं नाही. हा माणूस मुळातच बोलण्यात काटकसरी. त्यांनी बैल सोडले, दोर खांद्यावर टाकला आणि निघाले. गेली दोन वर्षं नवराबायकोचा हा जोडधंदाच होऊन बसला होता, फक्त त्यात दमडी मिळत नव्हती.

वरदखेडला रस्ता नव्हता असं कोणी समजू नये. जानेफळकडून चांगला डांबरी रस्ता आला होता, नाल्यावर पूल झाला होता, एसटीसुद्धा गावात वळायला लागली होती. पण मोबाईलमधल्या नकाशाला तो रस्ता लांबचा वाटे. जवळची म्हणून तो पांदण दाखवी. पांदण म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट. उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात असा काळा चिखल, की पाय सोडतो पण चप्पल ठेवून घेतो. त्यातून जानेफळला बाजाराची गर्दी असली, की शेगावहून लोणारला निघालेल्या पर्यटकांनाही मोबाईल इकडे पिटाळी. येणाऱ्याला तानुबाई ओरडून सांगे, हात हलवी, आडवी येई. पण माणसं तिच्याकडे बघून हसत आणि मोबाईलचं ऐकत. मग थोड्या वेळाने बूट हातात घेऊन, खाली मान घालून तिच्याच विहिरीवर येत.

तिथे मात्र तानुबाईने कधी कोणाला टोमणा मारला नाही. विहिरीजवळ तिने एक सपाट दगड मांडून ठेवला होता. आलेल्याला ती दगडावर उभं करी, लोट्याने पायांवर पाणी ओती आणि बैलांच्या कोठ्यातल्या चुलीवर चहा ठेवी. आलास कशाला, कोणाकडे, हे पाणी पिऊन होईपर्यंत विचारायचं नाही, ही तिच्या सासूची शिकवण. याच शिकवणीने श्रावणात तिचा घात केला.

तिच्या सागरची तिशी उलटली होती. पोरगा मेहनती, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, भाजीपाल्यात हात बसलेला. पण शेती करणारा मुलगा म्हटलं की हल्ली मुलीकडचे आधी नाक मुरडतात आणि मग पत्ता विचारतात. त्यातून एक स्थळ आलं. या बाजूला मुलीकडचे लोक घर पाहायला सांगून येत नाहीत. सांगून आलं तर ओटा सारवलेला दिसतो, भांडी घासलेली दिसतात. न सांगता आलं की घर जसं आहे तसं दिसतं. तर श्रावणात एक दिवस चार पाहुणे पांदणीत फसले. तानुबाईने त्यांचे पाय धुतले, चहा पाजला, गोविंदरावांनी गाडी ओढून दिली. एका म्हाताऱ्याने विचारलं, "वरदखेडले दुसरा रस्ता नाही का, बाई?" तिने जानेफळचा रस्ता सांगितला. पण कपडे चिखलाने माखलेले, मंडळी दमलेली. ती आल्या वाटेने परत गेली. चार दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला, "तुमच्याकडंच येऊन राह्यले होते वं ते, तानुबाई! ज्या गावाले रस्ता नाही तिथं पोरगी कशी द्या, म्हनतात."

ती रात्रभर झोपली नाही. आपल्या मुलाचे पाहुणे आपणच पाय धुऊन परत पाठवले, हे तिच्या काळजाला लागून राहिलं होतं.

आणि आता दुसरं स्थळ आलं होतं, बुलढाण्याचं. पितृपक्ष लागायच्या आत ते घर पाहायला येणार होते. कधी, ते अर्थातच सांगणार नव्हते. मध्यस्थ म्हणाला, "म्या सांगतलं त्याहिले, जानेफळवरून या म्हून. पन गाडी चालवनारा मोबाईलचं ऐकते. माह्यं कोन ऐकते?"

पार्सलवाला पोरगा बूट हातात घेऊन विहिरीवर आला. प्रज्वल त्याचं नाव. तो दगडावर उभा राहिला, तानुबाईने पाणी ओतलं, चहा झाला. मग तिने विचारलंच.

"बाबू, एक सांग. इकडून जा म्हून हे सांगते कोन तुमाले? एखांदा सापडला तं त्याले मी जोड्यानं हानीन."

प्रज्वल हसला. "कोनी एक नाही मावशी. लोकच सांगतात. आता परवा मेहकरजवळ ट्रक उलटला. कोन्या ड्रायव्हरनं मोबाईलात टाकलं, तं मले किती आंधी समजलं. मी दुसरीकडून वळलो, म्हून एका आजीची औषधं टायमावर पोचली. लय कामाची गोष्ट हाय ती."

"मंग आमची पांदन कोन्या दुश्मनानं टाकली?"

"तुमीच."

"आमी?"

"इथून रोज तुमचे ट्रॅक्टर जातात, मोटरसायकली जातात. सगळ्याच्या खिशात मोबाईल. त्याले वाटते, एवढे लोक जाऊन राह्यले, म्हंजे रस्ता चांगलाच असंन. त्याले चिखल थोडी दिसते!"

तानुबाई थक्क झाली. म्हणजे दोन वर्षं ती ज्याला शिव्या देत होती, तो गावाच्या खिशातूनच चुगली करत होता. गोविंदरावांनी हळूच आपल्या सदऱ्याचा खिसा चाचपला.

"मंग खोटं हाय म्हून सांगता नाही येत?"

"येते ना. हे पाहा." त्याने पांदणीवर बोट ठेवलं, गाडी जात नाही असं लिहिलं आणि आपल्या फसलेल्या गाडीचा फोटो जोडून पाठवून दिला. "पन एकाचं तो ऐकत नाही, मावशी. कोनी खोडी करून चांगला रस्ता बंद केला तं? म्हून लय जनांनी सांगाव लागते."

"गावानं सांगाव लागते म्हन ना!" तानुबाई उठून उभी राहिली. "गाव करी ते राव न करी. मले शिकव हे. माह्या मोबाईलवर. पुन्हा पुन्हा शिकव, मी जराशी ठोंबी हाव."

ठोंबी ती मुळीच नव्हती. पण शिकवणाऱ्याला असं सांगितलं की तो नीट शिकवतो.

तिच्या डोक्यात काय होतं ते दोन दिवसांनी कळलं. तिच्या घरी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसल्या होत्या. जेवणाच्या संध्याकाळी गावातल्या झाडून साऱ्या बायका महालक्ष्म्या पाहायला आणि हळदीकुंकवाला घरोघर फिरतात. तानुबाई दारातच करंडा घेऊन बसली आणि पहिलीच बाई वाकली तशी म्हणाली, "कुकू मंग लावते. आंधी मोबाईल काढ."

"अवं माय, महालक्ष्म्याहिले सोडून मोबाईलची पूजा कायले?"

"काढ तं खरी."

मग तिने समजावलं. पांदण, चिखल, मोबाईल, आणि सागर. सागरचं नाव आल्यावर कोणी फार प्रश्न विचारले नाहीत. प्रत्येकीच्या घरात नाही तर शेजारी एक सागर होताच. गाडी जात नाही असं लिहून चिखलाचा फोटो एकेकीच्या मोबाईलवरून जाऊ लागला. पहिला नंबर लावला तो झुंबरबाईने. पांदणीच्या दोन्ही अंगाला ज्यांची जमीन, त्या भगवानरावांची ती बायको. "माह्या भावाची नवी गाडी तिथंच फसली होती वं," ती म्हणाली. "मायेरी तोंड दाखवाले जागा नाही राह्यली मले." जिच्याजवळ मोबाईल नव्हता तिने घरी जाऊन नवऱ्याचा आणला. एक जण सुनेला घेऊन आली, एक शेजारणीला. महालक्ष्म्यांच्या मखराखाली आंबिलाचा वास, धुपाचा धूर आणि बायकांची हसाहशी. "गेला का वं माहा फोटू?" "तुहा गेला, माहा फिरूनच राह्यला." कुंकू लावून घेऊन शेवटची बाई निघाली तेव्हा पांदणीविरुद्ध सारं गाव बोललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भगवानराव ओट्यावर हजर.

"वयनी, रस्ता पुसून राह्यल्या म्हने तुमी?"

"पांदन जागच्या जागी हाय, भाऊजी. फक्त तिनं खोटं बोलनं बंद कराव, एवढंच."

"मोबाईलात रस्ता दिसते, म्हून उद्या सरकार डांबर टाकीन तिथं. जमिनीले भाव येईन. मी काय मूर्ख हाव का? माह्या गड्याहिले सांगतो, रस्ता एक नंबर हाय म्हून टाका."

"टाका ना," तानुबाई शांतपणे म्हणाली. "पन घरात इचारून टाका. पयला फोटू झुंबरबाईनं धाडला."

भगवानराव ओट्यावर टेकले. मग ते चहाला थांबले आणि चहा पिऊन मुकाट्याने घरी गेले. त्यांनी गड्यांना काही सांगितलं की नाही, ते कोणाला कळलं नाही.

पण नकाशा काही लगेच बदलला नाही. दोन दिवसांनी एक जीप आली आणि फसली. मग एक कार आली, तीही फसली. त्या दिवशीही तानुबाईने पाय धुऊन दिले, चहा दिला. ते लोक गेल्यावर ती बांधावर बसली आणि पदर डोळ्यांना लावला. गोविंदराव शेजारी येऊन बसले. म्हणाले, "लोकाहिले समजाले येळ लागते. हे तं यंत्र हाय." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं मोठं वाक्य ते पहिल्यांदाच बोलले असतील.

गणपती बोळवले. पितृपक्ष उद्यावर आला. आता आज नाही तर स्थळ हातचं गेलं, हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं. सागर सकाळपासून घरीच थांबला. तानुबाईला घरात राहवेना. ती शेतात येऊन पांदणीच्या तोंडाशी उभी राहिली, आज काहीही होवो, गाडीसमोर आडवं पडायचं असं ठरवून. ऊन चढलं. एकही गाडी आली नाही. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत तिने पुन्हा पुन्हा उताराकडे पाहिलं. रस्त्यावर लांबून गाड्यांचा आवाज येई, जवळ येई, आणि वळणापाशी न थांबता सरळ जानेफळकडे निघून जाई. पहिल्यांदा तिला कळलंच नाही. मग कळलं, आणि तिच्या हातातली जुडी खाली पडली.

तेवढ्यात मोबाईल वाजला. सागर बोलत होता. "माय, लौकर ये. पाव्हने ओट्यावर बसले."

तानुबाई धावली. वळसा घालून जायचं भान नव्हतं. ती सरळ पांदणीतूनच धावली, त्या खोलगट जागेतून, दोन वर्षांत ज्यात ती कधी उतरली नव्हती. चपला तिथेच राहिल्या. घरापाशी आली तेव्हा दारात लाल गाडी उभी होती, चाकांना नुसती धूळ. ओट्यावर मुलीचे वडील अर्जुनराव, त्यांचे बूट लखलखीत. शेजारी त्यांची म्हातारी आई अन्नपूर्णाबाई, आणि बाजेच्या कडेला मुलगी स्वतः, अपेक्षा. घर मीही बघणार, असा तिने हट्ट धरला होता.

सारे स्वच्छ. चिखलाचे पाय फक्त घरच्या बाईचे, तेही गुडघ्यापर्यंत. तानुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती अंगणातच थबकली.

"कुठून आले तुमी?" तिच्या तोंडून निघालं.

"जानेफळवरून," अर्जुनराव म्हणाले. "मोबाईलनं दारापोत आनून सोडलं. म्या आईले आंधीच म्हटलं होतं, गाडी दारापोत गेली तं बोलू, नाही तं तिथूनच वापस. आता गाडी आली. माह्यं म्हननं सरलं."

अन्नपूर्णाबाई मात्र तानुबाईच्या पायांकडे बघत होत्या. बघता बघता त्यांचा चेहरा हसरा झाला.

"श्रावनात माहा भाऊ त्याच्या नातीसाठी इकडं आला होता, तं चिखलात फसला. गाव त्याले दिसलंच नाही. पन घरी येऊन सांगे, बाई, त्या चिखलात एक मानूस भेटलं. कोन, कुठचे, काही इचारलं नाही, आंधी पाय धुतले." त्या पुढे सरकल्या. "तवापासून मनात होतं, ते घर कोनाचं ते पाहाव. ते तुमीच ना, इहीनबाई?"

इहीनबाई! म्हणजे विहीण! तानुबाईने ऐकलं, सागरने ऐकलं, आणि गोठ्यापाशी उभ्या असलेल्या गोविंदरावांनीही ऐकलं. तानुबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती हसलीही.

"थांबा, मी पाय धुऊन येते," ती पुटपुटली आणि रांजणाकडे वळली.

पण लोटा आधीच अपेक्षाने उचलला होता. "उभ्या राहा तिथंच," ती म्हणाली, "मी टाकते पानी."

"अवं नाही माय, तुमी पाव्हन्या…"

"राहा ना उभ्या."

तानुबाई उभी राहिली. पाणी पडत राहिलं, काळा चिखल ओघळून तुळशीच्या वाफ्याकडे निघाला, आणि हळूहळू तिच्या बोटांतली जोडवी दिसायला लागली.