पेरूच्या रंगाची भिंत

"बाबा, हॉलला कुठला रंग देऊ?" मुलीने विचारलं, आणि छत्तीस वर्षं रंगाच्या दुकानात उभा राहिलेला माणूस नुसता तिच्या मोबाइलकडे बघत बसला.

गल्लीत त्यांना सगळे रंगवालेच म्हणत. गिऱ्हाईक खिडकीचा टवका घेऊन येई, कुणी पडद्याचा तुकडा आणी. एक बाई तर आपली मांजर काखेत मारून आली होती, अस्साच करडा हवा म्हणून. रंगवाले डबा उघडत, थेंब मोजून टाकत, काडीने ढवळत आणि रंग जुळून येई. मालक म्हणे, याच्या डोळ्यांत तराजू आहे. पण ते रंग डब्यात होते. हे मोबाइलवर बोट फिरवलं की दिव्यातून सांडत होते.

मुलगी चार दिवसांसाठी आली होती. येताना मोबाइलवरून रंग बदलणारे खोकंभर दिवे घेऊन आली. आई गेल्यापासून बाबा अंधारात बसून राहतात, संध्याकाळी दिवासुद्धा लावत नाहीत, हे तिला समोरच्या वायरमनने कळवलं होतं. वायरमन म्हणजे रंगवाल्यांचा जुना दोस्त. निवृत्त झाला तरी खिशातला टेस्टर काही सुटला नव्हता.

"हॉल मधासारखा ठेवते. स्वयंपाकघर पांढरं. बाथरूमला निळा?"

"निळा नको गं," स्टुलावर चढलेला वायरमन वरून म्हणाला. "तुझा बाप आंघोळीला जाईल आणि मासा होऊन बाहेर येईल."

"होऊ दे," रंगवाले म्हणाले. "तुझ्यासारखा बोंबील होण्यापेक्षा बरं."

मुलगी हसली. बाबा चेष्टेने बोलले याचंच तिला बरं वाटलं. मग तिने आतल्या खोलीचा दिवा लावला आणि जरा हळू विचारलं, "आणि आईच्या खोलीला?"

रंगवाल्यांनी हात पुढे केला. "इकडे दे तो फोन."

ते पलंगावर बसले आणि चष्मा कपाळावर चढवून बोट फिरवू लागले. भिंती पिवळ्या झाल्या, नारिंगी झाल्या, गुलाबी झाल्या. डॉक्टर नाडी बघतो तशा चेहऱ्याने ते प्रत्येक रंग बघत आणि पुढे सरकत. अर्धा तास झाला. वायरमन चहा पिऊन परत आला. शेवटी खोली पिकलेल्या पेरूच्या गरासारखी झाली आणि बोट थांबलं.

"हाच ना?" मुलगी म्हणाली.

रंगवाल्यांनी भिंतीकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. हातही पेरूच्या रंगाचा झाला होता. चादर, कपाट, बायकोचा दोऱ्यांचा डबा, सगळं एकाच रंगात बुडालं होतं.

"नाही गं. हा नाही."

"यात लाखो रंग आहेत बाबा! मग कुठला?"

मग त्यांनी सांगितलं. हे घर घेतलं तेव्हाची गोष्ट. बायको म्हणाली होती, खोलीला लोण्याचा रंग द्या. नव्या नवऱ्याला आपली कला दाखवायची घाई. दुकानात पिवळा संपत आला होता, तर त्याने तांबडा घालून वेळ मारून नेली आणि तांबडा दिसू नये म्हणून वर हिरव्याचे दोन थेंब टाकले. दुपारी भिंत रंगवली. लोणी म्हणजे लोणी! संध्याकाळी दिवा लावला आणि भिंत पेरू झाली.

"दिव्याखाली बघायचं राहिलं होतं. आमच्या धंद्यातली पहिली शिकवण ती. दिवसाचा रंग वेगळा, दिव्याचा वेगळा. गिऱ्हाइकांना मी घसा कोरडा करून सांगायचो आणि घरीच विसरलो. तुझी आई पोट धरून हसली. म्हणाली, अहो, दोन खोल्यांच्या घरात तुम्ही मला तिसरी फुकट दिलीत! मी म्हटलं, उद्या बदलतो. तर म्हणाली, हात तर लावून बघा भिंतीला!"

त्या भिंतीला टेकून ती रोज संध्याकाळी बसायची. तयार कपड्यांच्या दुकानाचं काज-बटणाचं काम घरी आणायची. पिवळ्या दिव्यात गडद निळा आणि काळा दोरा सारखाच दिसतो. मग हाक यायची, "अहो, हा निळा की काळा?" एकदा रंगवाल्यांनी मोठ्या ऐटीत काळा सांगितला आणि बारा काळ्या कोटांची बटणं निळ्या दोऱ्याने लागली. ती सगळी उसवताना तिने त्यांनाही शेजारी बसवलं होतं. तेव्हापासून ते एकच उत्तर देत, "सकाळी उजेडात बघू." तरी ती विचारायची राहिली नाही.

"भिंत तेवढी पेरू व्हायची," रंगवाले म्हणाले. "तिचे हात तिच्याच रंगाचे असायचे. तुझ्या दिव्यात हातही पेरू होतात."

मुलीने फोन हळूच उलटा ठेवला. घर पांढरं करायचं तिनेच ठरवलं होतं. आई गेल्यावर बाबा महिनाभर तिच्याकडे होते, तेवढ्यात रंगारी लावून सगळं उरकून घेतलं होतं.

"मी तुम्हाला विचारलं होतं बाबा."

"विचारलं होतंस. मी हो म्हटलं होतं. तेव्हा मी सगळ्यालाच हो म्हणत होतो." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी काही चूक नाही."

मग रंगवाले एकदम उठले.

"वायरमन, कपाटाला हात लाव."

"आता कशाला? पाठ धरेल तुझी!"

"लाव म्हणतो ना! रंगाऱ्याने कपाट सरकवलं असेल तर मी नाव बदलीन."

कपाटामागची भिंत तशीच सोडायची ही रंगाऱ्यांची खोड. त्यावरून रंगवाल्यांनी जन्मभर त्यांना शिव्या घातल्या होत्या. तिघांनी मिळून कपाट ओढलं. मागे कोळिष्टकं, एक हरवलेलं बटण आणि कपाटाएवढी जुनी भिंत. पण ती पेरू नव्हती. नुसतं मळकं लोणी.

मुलीने नवा दिवा पिवळा केला, आणखी पिवळा केला. भिंत ढिम्म.

"याच्यात ते नाही," वायरमन म्हणाला. "तारेचा दिवा पाहिजे. थांबा." तो घरी गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना काचेचा दिवा घेऊन आला. "शेवटचा आहे. फोडलास तर तुझ्या टकलाच्या उजेडावर भागवावं लागेल."

दिवा लागला आणि कपाटाएवढा तुकडा हळूहळू पेरू झाला. रंगवाल्यांनी त्याच्यासमोर हात धरला. हात हाताच्याच रंगाचा होता. ते तसेच उभे राहिले. मुलीने त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि खाली वाकून ते बटण उचललं.

दुसऱ्या दिवशी दुकानातून पांढऱ्याचा डबा आणि रंगांच्या बाटल्या आल्या. तांबड्याचे थेंब मुलगी मोजत होती आणि रंगवाले ओरडत होते, "हळू! माझ्यासारखी घाई नको." थोडासा रंग जुन्या तुकड्याशेजारी लावायचा, वाळू द्यायचा, मग खिडकी झाकून दिव्याखाली बघायचा. या वेळी दिव्याखाली बघायला ते विसरले नाहीत. चौथ्या खेपेला तुकड्याची कड दिसेनाशी झाली. एवढी एक भिंत बापलेकीने मिळून रंगवली. बाकीच्या घरात मुलीचे दिवे राहिले. बाथरूमचा निळासुद्धा राहिला.

तिच्या मुक्कामाची शेवटची संध्याकाळ. रंगवाल्यांनी आतल्या खोलीत स्वतः दिवा लावला. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच. मुलगी भिंतीला टेकून बसली होती. कपाटामागे सापडलेलं बटण बाबांच्या सदऱ्याला लावायला तिने आईचा डबा उघडला होता. एक रीळ तिने दिव्याकडे धरलं.

"बाबा, हा निळा की काळा?"

रंगवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला. रिळाकडे बघितलं, मग तिच्या हाताकडे, मग मागच्या भिंतीकडे.

"राहू दे," ते म्हणाले. "सकाळी उजेडात बघू."

आणि जवळ स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले.