आड उभी राहणारी खुर्ची

तुम्ही मला पाहिलेत तर बसायला दुसरी खुर्ची मागाल, मित्रांनो. माझा एक पाय बोटभर आखूड आहे. इंडियाना राज्यातल्या मिल्टन फोर्क गावच्या शाळेतली मी लोखंडी, घडीची, हिरवी खुर्ची. माझ्यावर बसले त्यापेक्षा मला घासून गेले तेच लोक जास्त.

कारखान्यातून आम्ही चाळीस बहिणी एकाच ट्रकने आलो. हिवाळ्यातल्या दर शुक्रवारी दुकाने लवकर बंद व्हायची आणि सारा गाव शाळेच्या क्रीडागृहात बास्केटबॉल पाहायला लोटायचा. बहिणींवर बसून लोक मक्याच्या लाह्या खायचे. मी डुगडुगते म्हणून कोपऱ्यात. फार वाईट वाटे.

मग प्रशिक्षक लॉयड हेन्सली यांनी मला उचलून थेट मैदानात उभे केले. सरावात मी म्हणजे आड उभा राहिलेला सोबती. खेळाडूने खांदा मला घासेल इतक्या जवळून पळायचे, म्हणजे त्याच्या मागावर असलेला विरुद्ध संघातला खेळाडू माझ्यापाशी अडकतो आणि हा मोकळा सुटतो. कोपऱ्यातल्या खुर्चीला आणखी काय हवे?

मार्लन टिबेट्स सातवीपासून मला घासत होता. माझा हिरवा रंग बनियनला लागतो म्हणून त्याची आई कुरकुरायची. पोरगा ताडमाड वाढला, सामन्यागणिक तीस-तीस गुण करू लागला. पुढे दोन वर्षे कॉलेजात खेळला आणि देशातल्या मोठ्या संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा त्याचा तिसरा क्रमांक लागला. पोस्टमन व्हर्जिल डोव्हने वेशीवर स्वतः पाटी रंगवली: 'मार्लन टिबेट्सचे गाव'.

त्याच व्हर्जिलने क्रीडागृहाच्या दारावर कागद डकवला. त्यावर तो मोठ्या संघाच्या दर सामन्यातले मार्लनचे गुण लिही. सहा. चार. आठ. पुन्हा चार.

“तिसरा नंबर आणि चार गुण? माझी सासू याच्यापेक्षा बरी खेळेल,” व्हर्जिल म्हणाला.

“तुझी सासू आड येण्यात पटाईत आहे, तेवढं खरं,” हेन्सली म्हणाले.

गाव हसला, पण कागद तसाच राहिला.

उन्हाळ्यात मार्लन घरी आला. दारावरचा कागद त्याने वरपासून खालपर्यंत वाचला. आत हेन्सली आणि व्हर्जिल जाळी बदलत होते.

“मिस्टर डोव्ह, ती वेशीवरची पाटी काढून टाका,” तो म्हणाला. “कोच, मी परत जात नाही. माझ्याकडून नाही होणार.”

मला इतका राग आला, आणि रडूही. पण लोखंडाला दोन्ही जमत नाही.

“तिथे तुला काय करायला सांगतात?” हेन्सलींनी विचारले.

“आड उभा राहा म्हणतात. चेंडू दुसराच टाकतो.”

हेन्सलींनी मला उचलून बाजूला ठेवले. माझ्या जागी मार्लनला उभे केले. “व्हर्जिल, चेंडू घे आणि याला घासून पळ. मी मागे आहे.”

“अरे लॉयड, माझे गुडघे बघ.”

“तुझी सासू पळाली असती.”

व्हर्जिल पळाला. मागून धावणारे हेन्सली मार्लनच्या छातीवर आदळून जमिनीवर बसले. पुढे व्हर्जिल एकटा, मोकळा. त्याने डोळे मिटून चेंडू भिरकावला आणि तो जाळीतून गेला.

“चाळीस वर्षांत पहिला,” व्हर्जिल धापा टाकत म्हणाला.

“लिही तुझ्या कागदावर,” हेन्सली खालूनच म्हणाले. “पण कुणाच्या नावावर?”

व्हर्जिलने मार्लनकडे पाहिले. मग कानावरची पेन्सिल काढून दाराशी गेला. कागदावर त्याने नवा रकाना आखला: 'किती जणांना मोकळं केलं'.

मार्लन परत गेला आणि अकरा वर्षे खेळला. सरासरी नऊ गुणांच्या वर कधी गेला नाही. तिसऱ्या क्रमांकाला तो शोभला का, यावर गावात अजून वाद होतो. खुर्चीला कोणी विचारत नाही, पण मी तरी 'हो' म्हणेन.

मित्रांनो, चेंडू जाळीतून गेला की टाळ्या जरूर वाजवा. पण वाजवण्याआधी एकदा मागे बघा. तिथे आड कोणी तरी उभे असते.

हेन्सली गेले तेव्हा त्यांना शेवटचा निरोप द्यायला क्रीडागृह भरून गेले. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून मला अडगळीतून काढले. “ही नको, डुगडुगते,” कोणी तरी म्हणाले. तेवढ्यात मार्लनने मला त्याच्या हातातून घेतले, माझ्या पाठीवरच्या उडालेल्या रंगावरून बोटे फिरवली आणि माझ्यावर बसला. माझ्या आखूड पायाखाली त्याने आपला बूट सरकवला होता.

त्या दिवशी मी एकदाही डुगडुगले नाही.