शर्टाचं टोक

"पण याचा उपयोग काय?" ताईनं पुन्हा विचारलं आणि माझं टाळकंच सरकलं.

मी कपडे शिवते. दुकान माझं, कात्री माझी, पोरं मार्गी लागलेली. आईच्या माघारी या थोरल्या बहिणीनंच मला वाढवलं, त्यामुळे तिला बोलायचा हक्क आहे, हे कबूल. पण मी हौसेनं विमान चालवायला शिकायला लागल्यापासून तिनं नुसता पिच्छा पुरवला होता. या वयात तुला नोकरी कोण देणार? जायचं तरी कुठे असतं तुला? कुठेच नाही, वर एक चक्कर मारून परत येते, असं सांगितलं की कपाळाला हात लावायची. "एवढा खटाटोप करून जिथून निघालीस तिथेच परत? मग घरीच बैस की!"

त्या दिवशी माझीही जीभ सुटली. "एकटीनं विमान वर नेऊन पहिल्याच दमात खाली उतरवून दाखवते. नाही जमलं तर पुन्हा विमानाचं नाव काढणार नाही!"

"शब्द?"

"शब्द!"

पेपरामागून आमचे हे नुसते "अरे देवा" म्हणाले. आम्ही बहिणी दिलेला शब्द मोडत नाही, हे त्यांना लग्नापासून ठाऊक आहे.

मला शिकवणारी मॅडम माझ्या लेकीच्या वयाची. मला काकू म्हणते आणि चुकले की चांगली झाडते. त्या सकाळी आम्ही दोघींनी एक फेरी मारली, आणि धावपट्टीच्या कडेला विमान थांबवायला लावून ती चक्क खाली उतरली. "जा काकू, आता एकट्या. आणि तो गळ्यातला टेप द्या इकडे." दुकानातून तशीच आले होते मी. कुंपणाशी ताई आणि हे उभे होते.

बाजूची खुर्ची रिकामी. तेवढ्यानं विमान हलकं झालं आणि भराभर चढलं. खाली माझं दुकान दिसलं, एवढंसं! मी मोठ्यानं हसले. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून आणखी हसले. दुकानात सगळ्यांना सगळं कालच हवं असतं. इथे कुणाला माझ्याकडून काही नको होतं.

उतरताना मात्र गोची झाली. ते हलकं विमान खाली बसेचना. पट्टीवरून नुसतं तरंगत राहिलं, निम्मी पट्टी मागे गेली, समोरची झाडं मोठी होऊ लागली. जबरदस्तीनं खाली दाबलं असतं तर टेकलंही असतं कदाचित, आणि पैज माझी झाली असती. हात त्यासाठी निघालाच होता. पण मी आयुष्यभर कापड कापलंय. कात्री एकदा चुकली की कापड गेलं, तिथे दुसरी संधी नसते. इथे होती. मला कुणाला कुठे पोचवायचं नव्हतं, कुणी ताटकळत नव्हतं, हौसेनं आले होते मी. मग घाई कुणाच्या बापाची? गेली पैज उडत! इंजिनाला सगळा जोर दिला आणि विमान परत वर घेतलं.

वर डोळे भरून आले. आपलं शिकणं संपलं, हे कळत होतं. पण संपायचंच तर नीट संपवू म्हटलं. दुसऱ्या फेरीला लवकरच खाली यायला लागले, आणि चाकं अशी अलगद टेकली की मलाही जरा उशिरानंच कळलं.

मी उतरते न उतरते तोच मॅडम पळत आली आणि गळ्यातच पडली. "काकू, परत वर गेलात! हेच बघायचं होतं मला. उतरायला सगळेच शिकतात हो, ऐनवेळी तो नाद सोडून वर जायला पुष्कळांना जमत नाही."

तिच्या मागून ताई आली. चेहरा पांढराफटक. तिनं काही म्हणायच्या आत मीच बोलून टाकलं, "हरले ताई. उद्यापासून बंद."

ती माझ्याकडे बघतच नव्हती. मॅडमच्या हातातल्या कात्रीकडे बघत होती. "ही कशाला?"

"आमच्यात रीत आहे," मॅडम म्हणाली. "जुन्या विमानांत शिकणारा पुढे बसायचा, शिकवणारा मागे. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही, काही चुकलं की मागून शर्ट ओढायचा. म्हणून एकट्यानं पहिल्यांदा उडून आलं की शर्टाचं मागचं टोक कापायचं. आता कुणी ओढायची गरज नाही."

ताईनं हात पुढे केला. "आण ती इकडे. हिला जन्मभर मागे ओढत आलेय ती मी."

"ताई, पण शब्द..."

"मलाच दिला होतास ना? मग मीच परत करते. तू पुन्हा वर गेलीस तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. माझ्या पैजेपायी खाली आदळली असतीस म्हणजे? बोलू नकोस. सरळ उभी राहा."

आणि कराकरा कापलं तिनं. मी स्वतःच्या हातानं शिवलेला शर्ट! इतकं वाकडं कापलं की माझ्या दुकानात असती तर पहिल्याच दिवशी हाकलली असती. हे टाळ्या पिटत होते, ताई रडत होती, आणि मी ओरडत होते, "अगं, कापड ताणून धर!" अंगावर मूठभर मांस चढलं होतं माझ्या.

तो शर्ट मी अजून घालते. गिऱ्हाईकं विचारतात, "बाई, स्वतःचं शिवायला सवड मिळत नाही वाटतं?" सवड भरपूर मिळते. तेवढं शिवायचं नाही मला.